गाडीचा विमा : कुठली सवलत मागून घ्यायची, कुठली नाकारायची

परवा दुपारची आवराआवर करून जरा टेकले होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी हातात एक कागद घेऊन आल्या. कागद होता त्यांच्या गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचा. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "अहो, सरकारनं विम्यावरचा जीएसटी काढला म्हणून टीव्हीवर केवढा गाजावाजा झाला. मग आमच्या गाडीच्या विम्याला हा अठरा टक्के कुठून आला? एजंटाला विचारलं तर म्हणतो, ते तसंच असतं वहिनी."

वहिनींची शंका अगदी रास्त होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा तीन बातम्या एकदम आल्या आणि त्यांची आपल्या डोक्यात खिचडी झाली. पहिली बातमी, व्यक्तीनं स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी घेतलेल्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला. दुसरी, छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तिसरी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा करही तसाच उतरला. पण आपल्या कारच्या किंवा स्कूटरच्या विम्यावरचा १८ टक्के कर होता तिथेच राहिला. म्हणजे एजंट खोटं बोलत नव्हता. त्यानं नीट समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत, एवढंच.

मग आम्ही दोघी तो कागद घेऊन बसलो. तासाभरानं वहिनी म्हणाल्या, "आठ वर्षं मी हे पैसे भरतेय, पण शेवटचा आकडा सोडून वरचं काही कधी वाचलंच नाही." खरं सांगायचं तर माझंही फार वेगळं नव्हतं. एजंटाचा फोन येतो, "एवढे एवढे तयार ठेवा," आणि आपण तयार ठेवतो. भिशीच्या शंभर रुपयांचा हिशेब आपण चोख ठेवतो, पण या आठ-दहा हजारांचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. म्हणून आज हाच विषय घ्यायचं ठरवलं.

कागदावर दोन विमे असतात

मैत्रिणींनो, ज्याला आपण "फुल्ल इन्शुरन्स" म्हणतो त्यात खरं तर दोन वेगवेगळे विमे असतात. एक थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी दगावलं, कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हा विमा सक्तीचा आहे. दुसरा असतो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचा. अपघात, चोरी, आग, पूर यांत आपल्या गाडीचं जे होईल त्यासाठी. हा ऐच्छिक असतो. गाडी कर्जावर असेल तर बँक तो घ्यायला लावते, ती गोष्ट निराळी.

सवलतीच्या दृष्टीनं हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. थर्ड पार्टीचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये ठरले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना यात १५ टक्के आणि हायब्रिड गाड्यांना साडेसात टक्के सूट दिली गेली. बाकी कुणी एजंट "थर्ड पार्टीत तुम्हाला खास डिस्काउंट देतो" म्हणाला, तर समजा, तो कुठला तरी दुसराच आकडा हलवतोय.

घासाघीस होऊ शकते ती ओन डॅमेजमध्ये. पूर्वी याचेही दर देशभर ठरलेले असायचे. १ जानेवारी २००७ पासून ते मोकळे झाले आणि तेव्हापासून एकाच गाडीला प्रत्येक कंपनी वेगळा आकडा सांगते. म्हणून दर वर्षी निदान तीन कंपन्यांचे आकडे मागवायलाच हवेत. "नेहमीचीच कंपनी आहे" ही सवय आपल्याला महाग पडते. दुकान नेहमीचं असलं तरी भाव आपण विचारतोच ना?

आपल्यासारख्या गावांतल्या बायकांसाठी एक गंमतीची माहिती. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन भाग केलेले होते. मुंबई, पुणे आणि इतर मोठी शहरं अ विभागात, बाकी सगळा देश ब विभागात. ब विभागाचा दर किंचित कमी. आजही अनेक कंपन्या गाडीची नोंदणी कुठली ते बघतात. पुण्यातून जुनी गाडी आणून वर्षानुवर्षं पुण्याच्याच नोंदणीवर चालवत असाल, तर हा मुद्दा लक्षात असू द्या. फरक थोडका आहे, पण आहे.

सगळ्यात मोठी सवलत : नो क्लेम बोनस

वर्षभर एकही क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षं क्लेम नसेल तर २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५० टक्के. याच्यापुढे वाढत नाही. बाकी सगळ्या सवलती एकत्र केल्या तरी या एकीची बरोबरी होत नाही.

उदाहरण घेऊ. समजा, १२०० सीसीच्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता ८,००० रुपये आहे. थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले की ११,४१६. त्यावर १८ टक्के कर धरून १३,४७१ रुपये होतात. आता ५० टक्के बोनस असेल तर ओन डॅमेज ४,००० वर येतो आणि सगळं मिळून ८,७५१ रुपये होतात. म्हणजे ४,७२० रुपयांचा फरक. आपल्याकडे एवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

आता असं बघा. बाजारात गाडी मागे घेताना बंपर घासला. गॅरेजवाला म्हणाला, बंपरचे ३,००० आणि मजुरी-रंगाचे १,५००. लगेच वाटतं, विमा आहे ना, करू या क्लेम! पण प्लास्टिकच्या भागावर कंपनी ५० टक्के घसारा कापते, म्हणजे १,५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात, तो नियमच आहे. हातात आले जेमतेम दोन हजार. आणि पुढच्या वर्षीचा बोनस शून्यावर! तो परत ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षं बिनक्लेमची जावी लागतात. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर या दोन हजारांपायी दहा हजारांच्या घरात नुकसान होतं. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण सौदा तोट्याचाच. थोडक्यात, लहानसहान काम घरच्या पैशानं करावं आणि विमा मोठ्या संकटासाठी राखून ठेवावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी कार विकून नवी घेतलीत तर तुमचा बोनस नव्या कारला लागतो. विकताना जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. तसंच, तुम्ही जुनी गाडी विकत घेतलीत तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि कंपनी बदलली म्हणून बोनस जात नाही. "दुसऱ्या कंपनीत गेलात तर बोनस बुडेल" असं सांगून अडवून ठेवणारे बरेच असतात, त्यांचं ऐकू नका.

माझ्या मावसबहिणीचं काय झालं

या लेखाला बसले त्याला वहिनींचा कागद जसं कारण आहे, तशी एक जुनी सलही आहे.

माझ्या मावसबहिणीचे यजमान अचानक गेले. हार्ट अटॅक. शाळेत शिक्षक होते, स्वभावानं अतिशय टापटिपीचे. गाडी त्यांच्या नावावर होती. विमा वेळच्या वेळी भरायचे, आणि आयुष्यात कधी क्लेम केलेला नव्हता, त्यामुळे बोनस पूर्ण ५० टक्के. ते गेल्यावर गाडी अंगणात कापडाखाली उभी राहिली. दिवस, वर्षश्राद्धापर्यंतची कामं, पेन्शनचे कागद, बँकेच्या चकरा, मुलीची परीक्षा. गाडीकडे बघायचं धाडसच तिला होत नव्हतं. मधल्या काळात विम्याची मुदत संपली. पाच महिन्यांनी मुलगा म्हणाला, आई, गाडी चालू करू या. तिनं एजंटाला बोलावलं. तो म्हणाला, "गाडी साहेबांच्या नावावर होती, त्यांचा बोनस त्यांच्याबरोबर गेला ताई. तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात." तिनं सही केली आणि पूर्ण हप्ता भरला.

एजंटाचं ते वाक्य चूक होतं, हे मला फार उशिरा कळलं. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नीकडे, पतीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली, तर नो क्लेम बोनसही त्यांच्याकडे येतो. नियमच तसा आहे. तिचा बोनस बुडाला तो नवरा गेला म्हणून नाही, तर मुदत संपून ९० दिवस उलटले म्हणून. विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर जमलेला सगळा बोनस जातो. नवरा गेल्यानंतरच्या त्या तीन महिन्यांत कुठल्या बाईला या तारखेची आठवण राहणार? आणि तिला ती कुणी करूनही दिली नाही.

बोनसाचे पैसे तरी भरून निघतात. याहून मोठा धोका निराळाच आहे. विमा ज्याच्या नावावर, ती व्यक्ती गेली तरी पॉलिसी लगेच बंद पडत नाही. पण ती चालते मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच. या काळात वारसानं मृत्यूचा दाखला, गाडीवरच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर नवी घ्यायची. आरटीओतही ३० दिवसांत मृत्यू कळवायचा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायचा अर्ज द्यायचा. पॉलिसीवर पुढची आठ महिन्यांची तारीख छापलेली दिसते, आपल्याला वाटतं विमा चालू आहे, आणि मुलगा गाडी बाहेर काढतो. चौथ्या महिन्यात काही विपरीत घडलं तर कंपनी हात वर करायला मोकळी.

म्हणून कुणाच्या घरी अशी वेळ आली तर सांत्वनाला जाताना तेराव्यानंतर कधी तरी हळूच विचारा, "गाडीचे कागद कुणी बघतंय का?" विचारायला अवघड वाटतं खरं. पण माझ्या बहिणीला हे विचारायला आम्ही कुणी गेलो नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

लहान सवलती, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत

आता बाकीच्या सवलती भराभर बघू.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मोटार पॉलिसीबरोबर सक्तीचा असतो. पण १ जानेवारी २०१९ पासून तो सुटा घेता येतो. तुमच्याकडे तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, तर परत घ्यायची गरज नाही. नावावर कार आणि स्कूटर दोन्ही असतील, तर दोन्हीकडे पैसे भरायची गरज नाही, एक पुरतो. आणि आपल्याकडे हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे गाडी बायकोच्या नावावर, पण तिच्याकडे लायसन्सच नाही. अशा वेळी हा विमा तिला लागूच होत नाही. तरीही कागदावर त्याचे पैसे लावलेले असतील तर काढून टाकायला सांगा. त्याहून उत्तम म्हणजे लायसन्स काढा!

गाडीला एआरएआयनं मान्यता दिलेलं चोरी रोखणारं यंत्र बसवलं असेल, तर जुन्या दरपत्रकाप्रमाणे ओन डॅमेजमध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट होती. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल तर ५ टक्के, पण कारला जास्तीत जास्त २०० रुपये. तेवढ्यासाठी हजारो रुपये देऊन सभासद व्हायचं काही कारण नाही, आधीच असाल तर नंबर कळवा. अपंग व्यक्तीसाठी खास बदल करून घेतलेल्या गाडीला मात्र ओन डॅमेजमध्ये ५० टक्के सवलत ठरलेली होती. घरात अशी गाडी असेल तर आरसी बुकावर तशी नोंद आहे ना, ते बघा आणि सवलत आवर्जून मागा.

ऐच्छिक कपात नावाचा एक प्रकार आहे. "क्लेम झाला तर पहिले अमुक रुपये मी भरीन" असं आपण लिहून द्यायचं, त्याबदली हप्ता कमी होतो. हात सरावलेला असेल, गाडी जपून वापरत असाल आणि वेळेला ते पैसे उभे करता येणार असतील, तरच हे घ्या.

आणि एक तुलनेनं नवी सोय. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक संस्थेनं, म्हणजे आयआरडीएआयनं, जितकी गाडी चालवाल तितका हप्ता, अशा पद्धतीला परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर ते आधी ठरवायचं. मंडई, मुलांची शाळा, आठवड्यातून एकदा देवदर्शन एवढीच ज्यांच्या गाडीची धाव, त्यांनी याबद्दल जरूर विचारावं. ठरवलेले किलोमीटर संपले तर पुढे काय, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

या सवलती मात्र नाकारा

हप्ता कमी करून देतो म्हणणारा माणूस कधी कधी आपलं कवचच कमी करत असतो. अशा चार जागा सांगते.

पहिली जागा आयडीव्हीची. म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. कंपनीच्या चालू किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती निघते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पुढे परस्परसंमतीनं. समजा, ८ लाखांच्या गाडीला अडीच वर्षं झाली, तर ५ लाख ६० हजार यायला हवेत. एजंट गुपचूप साडेचार लाख लावतो आणि "बघा, हजार रुपये वाचवले" म्हणतो. गाडी चोरीला गेली की १ लाख १० हजार कमी हातात येतात. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. साडेचार लाख धरले असतील तर ती वेळ ३ लाख ३७ हजारांच्या बिलावरच येते. करकपातीनं छोट्या नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, त्यामुळे यंदाच्या नूतनीकरणात आयडीव्ही थोडी कमी दिसणं साहजिक आहे. पण किती कमी, हा हिशेब मागा.

दुसरी जागा, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात यासाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. ते ६,००० रुपयांवर आणलं की वर्षाला १०० रुपये सूट मिळते. फक्त १०० रुपये! कुणाच्या दुकानाच्या शटरला धडक बसली, पुढची नवी गाडी ठोकली, तर ६,००० च्या वरचं सगळं आपल्या डोक्यावर.

तिसरी जागा, खोटा बोनस. इंटरनेटवर विमा काढताना "मागच्या वर्षी क्लेम केला होता का?" या प्रश्नाला नाही म्हणून टिचकी मारायला काय लागतं? पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. खोटं उघडकीला आलं की क्लेमच्या वेळी पैसे अडतात. भाचा मोबाइलवर पटकन फॉर्म भरून देतो, तेव्हा हे एक उत्तर आपण स्वतः बघावं.

चौथी जागा झिरो डेपची. या जोडविम्यात मघाचा घसारा कापला जात नाही. गाडी नवी असेल, किंवा घरात कुणी नव्यानं चालवायला शिकत असेल, तर थोडे पैसे वाचवायला हे काढून टाकू नका. गाडी जुनी झाली की मात्र त्याची गरज आहे का, याचा दर वर्षी नव्यानं विचार करावा.

शोरूम, मोबाइल आणि आपलं गॅरेज

नवी गाडी घेताना शोरूमवाले विमा तिथेच घ्यायला लावतात. तशी सक्ती ते करू शकत नाहीत. गाडी विक्रेत्यांनी विमा कसा विकावा याचे नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहेत. बाहेरून भाव काढा, तो शोरूमवाल्याला दाखवा, बऱ्याचदा तिथल्या तिथे आकडा उतरतो.

मोबाइलवर मिळणारा विमा पुष्कळदा स्वस्त असतो, यात शंका नाही. फक्त पैसे भरायच्या आधी एक चौकशी करा, आपल्या तालुक्यात या कंपनीचं कॅशलेस गॅरेज आहे का? नसेल तर मोडकी गाडी टो करून जिल्ह्याच्या गावी न्यायची, नाहीतर आधी पदरचे पैसे भरून मग कंपनीच्या मागे लागायचं. शहरात हा प्रश्न येत नाही, म्हणून जाहिरातीतही तो नसतो.

आणि आपली स्कूटर?

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या नावावर गाडी असते ती स्कूटरच. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे "पाच वर्षांचा विमा आहे" म्हणून आपण निश्चिंत होतो. पण तो पाच वर्षांचा असतो थर्ड पार्टीचा. ओन डॅमेज बहुधा पहिल्या वर्षीच संपलेला असतो. स्कूटर चोरीला गेली की मग हे कळतं. आणि २०२० साली घेतलेल्या स्कूटरची ती पाच वर्षंही २०२५ मध्ये संपली. आज घरी गेल्यावर डिकीतला कागद काढा आणि दोन्ही तारखा बघा. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचे वर्षाला ७१४ रुपये होते. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदाच २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४,०००.

दंडाचं जाऊ द्या. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. आणि रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास गाड्या बिनविम्याच्या आहेत, असं संसदेत आणि बाहेर वारंवार सांगितलं गेलं आहे. बिनविम्याच्या मोटारसायकलनं घरचा कमावता माणूस उडवला, तर न्यायालयानं भरपाई मंजूर करूनही ती वसूल कुणाकडून करायची? त्या मोटारसायकलवाल्याकडेही काही नसतं. मागे राहिलेल्या बाईच्या हातात नुसता निकालाचा कागद राहतो. म्हणून थर्ड पार्टीचे पैसे वाचवायचा विचारही मनात आणू नका. सवलत शोधायची ती ओन डॅमेजमध्ये.

बायकांना वेगळी सवलत का नाही?

वहिनींचा हा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळते, मग विम्यात का नाही? गाडीच्या विम्यात बाईला सवलत द्यावी असा आपल्याकडे नियम नाही. एखादी कंपनी आपणहून देत असेल तर विचारायला हरकत नाही. युरोपात पूर्वी बायकांना, विशेषतः तरुण मुलींना, हप्ता कमी असायचा, कारण त्यांचे अपघात कमी. पण तिथल्या न्यायालयानं २०११ मध्ये निकाल दिला, की स्त्री-पुरुष म्हणून वेगळा हप्ता लावायचा नाही. डिसेंबर २०१२ पासून ती सवलत बंद झाली.

मला विचाराल तर बायकांसाठी एक-दोन टक्क्यांच्या सवलतीपेक्षा दुसरीच गोष्ट मागावी. नूतनीकरणाच्या प्रत्येक कागदावर ठळक मराठीत छापा, की मालकाचं निधन झाल्यास तीन महिन्यांत काय करायचं, बोनस कुणाला मिळतो आणि ९० दिवस कधी संपतात. याला कंपनीला फार तर दोन ओळी शाई लागेल. पण माझ्या बहिणीसारख्या कितीतरी जणींच्या ते उपयोगी पडेल.

आणि कंपनीनं अन्याय केलाच तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. मग आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बिमा भरोसा या त्यांच्या व्यवस्थेकडे. तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

वहिनींच्या कागदाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. जीएसटी काही गेला नाही. पण त्यांच्या नावावर कार आणि स्कूटर दोन्ही आहेत, आणि अपघात विमा दोन्हीकडे लावलेला होता. तो एकीकडून काढला. बोनस ४५ टक्के लावला होता, सहा वर्षांत क्लेम नाही म्हणजे ५० हवा होता. तो लावून घेतला. दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे दाखवल्यावर एजंटानं ओन डॅमेजही थोडा उतरवला. सगळं मिळून सतराशे रुपये वाचले. त्यांतल्या काही पैशांत झिरो डेप घेतला, कारण धाकटी सून गाडी शिकतेय.

जाताना वहिनींनी कॅलेंडरवर विम्याची तारीख लाल शाईनं लिहिली. गॅस सिलिंडरची तारीख असते ना, अगदी तिच्या शेजारी.